सुलेखाताईंचा खोटा प्रश्न

सुलेखाताई वैजापूरकर खोटं बोलतात, हे मला चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यावरून तीन किलोमीटर आत असलेल्या एका गावात कळलं. सकाळचे दहा वाजले होते. तात्यासाहेब नावाच्या सत्तरीच्या गृहस्थांच्या ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. ताईंनी मांडीवरचा टॅब सरळ केला आणि विचारलं,

"तात्यासाहेब, गावात नीलपंख योजनेचं यंत्र बसलंय ना? कसं काय चाललंय?"

मी त्यांच्याकडं बघतच राहिले. प्रश्नावलीचं मराठी मीच केलं होतं. बासष्टच्या बासष्ट प्रश्न मला पाठ होते. त्यात नीलपंख कुठंही नव्हतं.

तात्यासाहेबांनी टोपी नीट केली. "व्हय, बसलंय की. लई चांगलं हाय."

"काय करतं ते?"

"आता काय करतं म्हंजी... समदंच करतं. सरकारनं दिलं म्हणल्यावर करणारच ना, ताई."

"तक्रार वगैरे?"

"आजाबात नाय."

ताईंनी 'होय'वर बोट टेकवलं आणि पुढच्या प्रश्नाकडं वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही.

गल्लीत आल्यावर मी त्यांना थांबवलं. "ताई, नीलपंख काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. काल मेथी निवडताना सुचलं. कानाला बरं वाटतं ना?"

मी हबकले. ज्या बाईनं कधी बसचं तिकीट चुकवलं नव्हतं, ती एका म्हाताऱ्या माणसाला समोर बसून बनवत होती.

ताई तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. गारखेड्यात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. वडील पाटबंधारे खात्यात कारकून होते. कागदावर जे लिहायचं ते खरंच लिहायचं, एवढं एकच त्यांनी मुलीला शिकवलं, असं त्या सांगायच्या. सव्वीस वर्षं त्या पाहण्या करत होत्या. लोकांच्या दारात जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं भरायची. साबण कुठला वापरता, संडास आहे का, टीव्हीवर काय बघता, मुलीला कितवीपर्यंत शिकवलं. लासूर स्टेशनपासून वेरूळपर्यंत त्यांना कुत्री ओळखायची. काळी छत्री, रबरी चप्पल, पिशवीत पाण्याची बाटली आणि गूळ. फॉर्म पूर्ण होईपर्यंत त्या कुणाच्या घरचा चहा घ्यायच्या नाहीत. पाणी चालायचं.

"चहा आधी झाला की संपलं," त्या म्हणायच्या. "मग समोरचा माणूस यजमान होतो. आणि यजमान तुला वाईट वाटेल असं काही बोलत नाही."

खोट्या प्रश्नाची गोष्ट त्यांनी त्या दिवशी मला चिंचेखाली बसून सांगितली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी त्यांनी एका गावात साबणाची पाहणी केली होती. पन्नासच्या पन्नास घरांनी सांगितलं, हाच साबण वापरतो, लई आवडतो. ताई खूश. परत निघताना त्या गावातल्या एकुलत्या एका दुकानात शिरल्या. दुकानदार म्हणाला, हा साबण आम्ही कधी ठेवलाच नाही.

"लबाड होते का ते लोक? नाही गं. त्यांना वाटलं, पोरगी उन्हात चालत आली. तिच्या हातात त्या साबणाचा कागद आहे. तिला नाही कसं म्हणायचं? तोंड पाडून जाईल बिचारी." ताई हसल्या. "आपल्याकडं दारात आलेल्याला नाही म्हणत नाहीत. भिकाऱ्याला म्हणतात. पाव्हण्याला नाही."

तेव्हापासून प्रत्येक पाहणीत त्या एक खोटा प्रश्न घालायच्या. जे नाहीच, ते आहे का, असा. जो त्याला हो म्हणेल, त्याचा बाकीचा होकारही पाहुणचारातला समजायचा. जो नाही म्हणेल, त्याच्यापाशी जरा जास्त वेळ बसायचं.

"हे ऑफिसला माहीत आहे?"

"फॉर्मवर 'इतर' म्हणून जागा असते. तिथं टाकते. आणि सोबत कागद जोडते, की बाबांनो, हा प्रश्न खोटा आहे, हो म्हणणाऱ्यांची उत्तरं धरू नका. एवढ्या वर्षांत कुणी हरकत घेतली नाही."

ही पाहणी मात्र साबणाची नव्हती. एका परदेशी संस्थेनं देशोदेशी एक मोजणी चालवली होती. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रं नीतीनं वापरायला देश तयार आहे का, याची मोजणी. कायदे आहेत का, माहिती जपली जाते का, यंत्रानं चूक केली तर माणसानं कुणाकडं जायचं. बहुतेक उत्तरं दिल्लीतले तज्ज्ञ देणार होते. अहवालात शेवटी 'लोकांचा आवाज' नावाचं एक प्रकरण होतं. त्यासाठी पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या भागातून चाळीस माणसांना विचारायचं काम ताईंना दिलं. मी साहित्याची पदवीधर, हाताला काम नाही, म्हणून भाषांतर माझ्याकडं.

"चाळीस माणसांत आख्खा मराठवाडा," ताई म्हणाल्या. "तेव्हा ती चाळीस तरी खरी पाहिजेत."

चार दिवस आम्ही त्या गावात जात होतो. नीलपंखला एकतीस जण हो म्हणाले. एक बाई म्हणाली, सासूबाईंना त्यानं फार आराम पडला. एका तरुणानं सांगितलं, ॲप आहे त्याचं, पण नेट लागतं. ताई बाहेर येऊन छत्रीआड हसायच्या. मला हसू येत नव्हतं. त्याच एकतीस जणांनी एकेचाळिसाव्या प्रश्नालाही हो म्हटलं होतं. तो प्रश्न असा होता: यंत्रानं तुमच्याबाबत चुकीचा निर्णय दिला, तर दाद मागायची सोय आहे का?

नऊ जण नाही म्हणाले. त्यातली तेविसाव्या फॉर्मची दीपमाला.

तिच्या सासूनं, सारजाबाईनं, आम्हाला आधी दारातूनच परत पाठवायचा प्रयत्न केला. "तिला काय इचारता? तिचं तोंड बगा आधी."

दीपमाला आतून आली. वय असेल तिशीच्या आत. चेहऱ्याचा डावा भाग खाली ओघळलेला. डोळा पुरता मिटत नव्हता. वाऱ्यानं झालं, असं सारजाबाई म्हणत होती. डॉक्टर म्हणाले होते, नस सुजलीय, हळूहळू बरं होईल.

ताईंनी नीलपंख विचारलं.

"नाय बा," दीपमाला म्हणाली. "असलं काय नाय आमच्याकडं. कुणी सांगितलं तुमाला?"

ताईंनी टॅब बाजूला ठेवला. पिशवीतला गूळ काढून पाटावर ठेवला. म्हणाल्या, "बोल बाई."

दीपमाला चितेगावकडच्या एका कारखान्यात तीन वर्षं पॅकिंगला होती. ठेकेदाराकडून. दिवाळीच्या आधी गेटवर कॅमेरा आला. रजिस्टर गेलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं, चेहरा जुळला की दिवा हिरवा होतो आणि फिरता दांडा सुटतो. पंधरा दिवस ती गेली-आली. मग एका सकाळी उठली तर तोंड वाकडं. तीन दिवस दवाखाना झाला. चौथ्या दिवशी कामावर गेली, तर दिवा लालच.

"शिवम होता गेटवर. वॉचमन. आमच्याच गावचा, लेकराच्या बारशाला जेवून गेल्याला. त्यो म्हणला, वहिनी, मला माहिताय तुम्ही हायेत म्हणून. पर मशीन म्हणतंय तुम्ही नायेत."

"मग?"

"मंग काय. मी म्हणलं, तू मशीनचं ऐकतूस का डोळ्याचं? त्यो म्हणला, डोळ्याला पगार नाय वहिनी."

सारजाबाई मधेच म्हणाली, "ठेकेदारानं आधार माघितलं. दावलं. तर म्हणतो, आधारवरचं तोंड बी सरळच हाय." आणि ती हसली. दीपमालाही हसली. तिचं अर्धंच तोंड हसलं. मी खाली बघितलं.

आठ दिवस ती गेटबाहेर उभी राहिली. मग नाव कमी झालं.

"कुणाला विचारलंस?" ताईंनी विचारलं.

"कुणाला इचारू? ठेकेदार म्हणतो कंपनीला इचार. कंपनीच्या दारात त्योच कॅमेरा. मी मीच हाय हे कुणाला सांगायचं ताई, तुमीच सांगा."

ताईंनी सगळं उतरवून घेतलं, तिचे आजाराआधीचे फोटोही बघितले. निघताना दीपमालाचा हात धरून त्या म्हणाल्या, "हे मी वरपर्यंत पोचवते." सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला असं वचन दिलं नव्हतं. पाहणी करणाऱ्यानं वचन द्यायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी ते पाळलंही. पुण्याला आठ-दहा फोन केले. तिथला समन्वयक इंद्रजीत, पस्तिशीचा, बोलायला गोड. दीपमालाची हकिकत नाव बदलून एका चौकटीत छापायला त्यानं होकार दिला. पान एकसष्ट. त्यानं पाठवलेलं तेवढं एकच पान ताईंनी मला फोनवर तीनदा दाखवलं.

मार्चमध्ये शहरात अहवालाच्या मसुद्यावर चर्चेची बैठक झाली. जालना रोडवरच्या एका हॉटेलचा हॉल. पन्नासेक माणसं. प्राध्यापक, वकील, उद्योजक, निवृत्त अधिकारी. आम्हाला मागच्या रांगेत जागा. ताईंनी इस्त्रीची सुती साडी नेसली होती. कामगार खात्याचे कुणी आलेत का, हे त्या पाट्या वाचून बघत होत्या. आले होते.

इंद्रजीत पडद्यावर एकेक पान सरकवत होता. कायदे. विद्यापीठं. भाषा. मग आमचं प्रकरण आलं.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत होतं: 'नीलपंख: ग्रामीण सज्जतेचं आदर्श उदाहरण. ७८ टक्के ग्रामस्थ लाभार्थी.'

मी हातातली बिस्किटाची बशी खाली ठेवली.

खाली एक परिच्छेदही होता. नीलपंख हा लोकसहभागातून उभा राहिलेला उपक्रम असून ज्येष्ठ महिलांना त्याचा विशेष लाभ होतो. इंटरनेटची उपलब्धता हे त्यापुढचं आव्हान आहे. वाक्यं छान होती. एकही शुद्धलेखनाची चूक नव्हती. हे कुणी माणसानं लिहिलंच नव्हतं. आमचे फॉर्म एका यंत्राला दिले होते, हे नंतर कळलं. त्यानं सारांश काढला होता. तोही नीतीची तयारी मोजणाऱ्या अहवालासाठी.

"ताई," मी म्हणाले. मी पडद्याकडं बोट केलं.

ताई तिकडंच बघत होत्या.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले एक निवृत्त अधिकारी उठले. माइक घेतला. "मी हा नीलपंख प्रकल्प प्रत्यक्ष पाहिलेला आहे. संकल्पना उत्तम. फक्त देखभालीकडं लक्ष द्यायला हवं."

दोन-चार माना हलल्या. कुणीतरी लिहून घेतलं.

मला वाटलं, मी आजारी आहे. ताप चढला की माणसं बोलतात तसं सगळं लांबून ऐकू येत होतं. ताई उठल्या. माइकशिवायच बोलल्या.

"ती योजना मी तयार केली."

मग टाळ्या वाजल्या. अधिकारी वळून त्यांच्याकडं बघत कौतुकानं मान डोलवत होते.

"नाही, नाही," ताई ओरडल्या. "तशी योजनाच नाही! मी खोटंच विचारलं होतं लोकांना!"

इंद्रजीत हसून म्हणाला, "आपण चहा घेऊ या का?"

चहाच्या वेळी त्यानं आम्हाला हॉलच्या मागं बोलावलं. पाण्याचे जार ठेवले होते तिथं. तो रागावला नव्हता. तेच जास्त वाईट होतं.

"ताई, असं कसं केलंत? मंजूर प्रश्नावलीत स्वतःचा प्रश्न?"

"मी कागद जोडला होता. पहिल्याच पानावर. प्रश्न खोटा आहे म्हणून."

"जोडपत्रं कोण उघडतं हो, ताई?"

"मग मी ती जोडते कशाला?"

त्यानं चष्मा पुसला. म्हणाला, "दोन रस्ते आहेत. एक, नियमानं जायचं. अन्वेषकानं, म्हणजे तुम्ही, फेरफार केला, चाळीसही फॉर्म बाद. मग पान एकसष्टची चौकटही जाते, कारण ती तुमच्याच फॉर्ममधून आली. दुसरा, नीलपंख मी आजच काढतो. कुणाला काही कळणार नाही. बाकीचं सगळं राहतं. चौकटही राहते."

"आणि ते एकतीस होकार?"

"राहतात."

"म्हणजे अठ्ठ्याहत्तर टक्के लोकांना दाद मागायची सोय आहे, असं राहतं."

"आणि त्याखाली तुमची ती बाई. अपवाद म्हणून. निदान राहते तरी. कामगार खात्याचे साहेब आज इथं आहेत, ताई. ते चौकटी वाचतात."

मला वाटलं होतं, ताई ताडकन नकार देतील. त्यांनी एका जारवर हात टेकला. म्हणाल्या, "मला एक फोन करू दे."

त्यांनी दीपमालाला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. नीलपंख खोटं होतं, हेही सांगितलं.

पलीकडून आवाज आला, "अगं बया. अन् आमच्या तात्यासाहेबांनी हो म्हणलं?"

"म्हणाले."

"सोडा त्ये. मला एक सांगा. दाद मागायची सोय हाय असं लिवलंय, तर कुठं मागायची त्येचा पत्ता दिलाय का त्येच्यात?"

"नाही."

"मंग माझं काढा."

ताईंनी डोळे मिटले. "दीपमाला, नीट विचार कर. तुझं छापून आलं तर कुणी..."

"तसल्याच्या खाली माझं नगं, ताई. वाचणारा म्हणंल, सोय तर हाय, अन् ही बाई उगंच रडती. तुमी समदंच काढा. पर मी बोलले त्ये मला कागदावर लिवून द्या. तुमच्या सहीचं."

भरलेला फॉर्म बाहेर द्यायचा नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. ताई नवख्या पोरींना तो रागावून शिकवायच्या. त्या हॉलमध्ये परत आल्या. बिस्किटांचं टेबल पुसलं. बसल्या. संस्थेच्याच कोऱ्या कागदावर दीपमालाची हकिकत स्वतःच्या हातानं लिहिली, दोन पानं. खाली लिहिलं, मी या बाईंना प्रत्यक्ष भेटले आहे, चेहऱ्याच्या आजाराआधीचे त्यांचे फोटो पाहिले आहेत, ही तीच व्यक्ती आहे. सही. पूर्ण नाव. गारखेड्याचा पत्ता.

मग इंद्रजीतनं पुढं केलेल्या कागदावर सही केली. त्यावर छापलं होतं, 'अन्वेषकाने प्रश्नावलीत फेरफार केल्याचे मान्य.'

"ताई, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"खरं आहे. केलाच की मी."

कामगार खात्याचे साहेब चहानंतर निघून गेले होते.

पुण्याहून ताईंना पुन्हा काम आलं नाही. दुसऱ्या दोन संस्थांनाही कळलं होतं. ताई त्याबद्दल बोलायच्या नाहीत. त्यांच्या घरी लोणच्याच्या कैऱ्या चिरताना मीच एकदा विषय काढला. त्या म्हणाल्या, "फोडी मोठ्या करू नकोस."

एप्रिलमध्ये दीपमालाचा फोन आला. ताईंचा कागद घेऊन ती कारखान्याच्या ऑफिसात गेली होती. तिथल्या एका बाईंनी तो दोनदा वाचला. त्यांनी ठेकेदाराला बोलावलं आणि गेटच्या मशीनमध्ये दीपमालाचा नवा फोटो घ्यायला लावला. वाकड्या तोंडाचा. दुसऱ्या दिवसापासून ती कामावर होती. फोनवर मागून सारजाबाई ओरडून सांगत होती, ताईला म्हणाव जेवायला या. त्या दिवशी ताईंनी मला पानाच्या दुकानातून मघई पान खिलवलं. स्वतःही खाल्लं. मी त्यांना पान खाताना कधी बघितलं नव्हतं.

जूनमध्ये अहवाल आला. मी तो संगणकावर उघडला. आमच्या भागापुढं लिहिलं होतं, 'पुरेशी माहिती उपलब्ध नाही.' चौकट नव्हती. हे अपेक्षितच होतं. मग शेवटी परिशिष्ट चार होतं, उल्लेखनीय स्थानिक उपक्रमांची यादी. त्यात सतराव्या क्रमांकावर नीलपंख होतं. माहितीचा स्रोत: मान्यवरांची प्रत्यक्ष पाहणी.

मी ते ताईंना वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. मग त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पाणी दिलं. पाणी पिऊन झालं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतच राहिलं. मला कळेना, पाठीवर हात ठेवावा की नाही.

"दीपमाला तर आत गेली ना," त्या म्हणाल्या. "एवढं झालं."

तिला भेटायला आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. ताईंनी तिच्यासाठी लोणच्याची बरणी घेतली होती. गावात पोचायला उशीर होईल, त्यापेक्षा सकाळच्या पाळीला गेटवरच गाठू, असं ठरलं. पावणेसातला आम्ही गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर होतो. बाया रिक्षांतून उतरत होत्या. डबे, ओढण्या, बोलणं. एकेक बाई कॅमेऱ्यासमोर उभी राहायची, हिरवा दिवा, दांडा फिरला, आत.

दीपमाला दिसली. तिनंही आम्हाला पाहिलं आणि धावत आली.

मी तिला ओळखलंच नाही आधी. तोंड सरळ झालं होतं. दोन्ही डोळे सारखे. ती पूर्ण हसत होती, दोन्ही बाजूंनी. फार सुरेख दिसत होती.

"अगं, बरी झालीस!" ताईंनी तिचे दोन्ही गाल हातात धरले. "कधी?"

"झाला की महिना." तिनं बरणी घेतली. वास घेतला. "आत्या खूश होतील," ती सासूबद्दल म्हणाली.

"मग कामाला काही अडचण नाही ना आता?"

दीपमालानं गेटकडं बघितलं. शिवम तिथं उभा होता. त्यानं आम्हाला पाहून मान खाली घातली.

"फोटो वाकडा हाय ना ताई, मशीनमधला," ती म्हणाली. "परत घ्या म्हणलं, तर ठेकेदार म्हणला, तुझं तोंड किती वेळा बदलणार? वर्षातून एकदाच घेतेत. आता दिवाळीलाच."

"मग तू..."

भोंगा झाला. "थांबा हां, पाळी सुटल्यावर भेटू. नायतर घरी जा, आत्या हायेत." ती वळली आणि गेटकडं पळाली.

रांग संपत आली होती. ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. दिवा लाल. तिनं बरणी काखेत धरली. डाव्या हाताचं बोट डाव्या ओठाच्या कोपऱ्याला लावलं आणि ओठ खाली ओढला. डोळ्याची पापणी अर्धी पाडली. गाल सैल सोडला. हे तिनं अशा सफाईनं केलं की रोजचं होतं, हे उघड होतं. बोट तिनं काढून घेतलं, तरी चेहरा तसाच वाकडा राहिला.

ती तशी उभी होती. तीन सेकंद. चार.

दिवा हिरवा झाला. दांडा फिरला. ती आत गेली.

टपरीवाल्यानं ताईंपुढं चहाचा ग्लास ठेवला. ताईंनी त्याच्याकडं पाहिलं नाही. त्या उठल्या, रस्ता ओलांडला आणि थेट शिवमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागोमाग.

"आत गेली ती कोण होती?" त्यांनी विचारलं.

शिवम गोंधळला. "दीपमाला वहिनी."

"तू ओळखतोस?"

"लगीन होऊन गावात आल्यापासून."

"हे ती रोज करते? तुझ्यासमोर?"

त्यानं टोपी काढली, परत घातली. कॅमेऱ्याकडं एकदा चोरून पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "मॅडम, म्याच शिकवलं वहिनींना."